झाडावरच्या वेगळ्या, जमिनीतल्या वेगळ्या: बगीच्यातल्या चावऱ्या लाल मुंग्यांचं काय करायचं

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: नागपूरच्या बेसा भागात घर, मागे दीडेक हजार चौरस फुटांचा बगीचा, त्यात एक जुना आंबा, लिंबाचं झाड, दोन-तीन जास्वंदी आणि थोडं लॉन. दोन-तीन पावसाळ्यांपासून लाल मुंग्या वाढल्यात. आंब्यावर चढायला माळी तयार होत नाही. गेल्या आठवड्यात तुमची चार वर्षांची मुलगी लॉनवर खेळत असताना तिच्या पायाला इतक्या ठिकाणी चावल्या की दुसऱ्या दिवशी पाय सुजला. हळद, हिंग, खडू, रॉकेल, कृषी केंद्रातून आणलेली पावडर, सगळं करून झालं. आठ दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. घरात कुत्रा आहे म्हणून जालीम विष नको, आणि एकदाचा कायमचा बंदोबस्त हवा.

मी नागपुरात बगीचे लावण्याचं आणि सांभाळण्याचं काम करतो. मुंग्यांची तक्रार वर्षातून दोन हंगामांत हमखास येते: मृगाचा पाऊस पडून गेल्यावर आणि दसऱ्याच्या सुमारास. त्यामुळे तुमचा प्रश्न नवा नाही, पण त्यात एक गोष्ट मला लगेच खटकली. आंब्यावरच्या मुंग्या आणि लॉनमधल्या मुंग्या तुम्ही एकच धरल्यात. माझ्या अंदाजाने त्या दोन वेगळ्या जाती आहेत. राहणी वेगळी, खाणं वेगळं, चावण्याची तऱ्हा वेगळी, आणि म्हणून इलाजही वेगळा. एकीवरचा उपाय दुसरीवर केला की आठ दिवसांचाच आराम मिळतो.

आधी ओळख पटवा. त्यासाठी एक सकाळ पुरे.

आंब्यावर पानं एकमेकांना चिकटवून केलेले, नारळाएवढे किंवा त्याहून मोठे गोळे दिसतात का? पानांच्या कडा पांढऱ्या रेशमासारख्या जाळीने जोडलेल्या असतात. मुंगी लांबट, लांब पायांची, तांबूस-नारिंगी, बहुतेक सगळ्या सारख्याच आकाराच्या, साधारण ८ ते १० मिलिमीटर. फांदीला हात लावला की पळून जात नाही, उलट पोट वर करून अंगावर येते. ही विणकर मुंगी. हिला डंख नसतो. ती जबड्याने चावते आणि त्या जखमेवर पोटातून फॉर्मिक आम्ल सोडते, म्हणून आग होते. ती आग तासाभरात बहुधा शमते, सूज क्वचितच येते.

लॉनमधली मुंगी बघायला एक बिस्किट आणि दोन-चार शेवेचे तुकडे कागदावर ठेवा आणि अर्ध्या तासाने परत या. एकाच रांगेत बारीक ३ मिलिमीटरच्या आणि त्यांच्या दुप्पट मोठ्या अशा दोन्ही मुंग्या दिसल्या, आणि मोठ्यांची डोकी शरीराच्या मानाने बेढब, चौकोनी वाटली, तर ती आग मुंगी समजा. ही जमिनीत राहते. लॉनच्या कडेला, कुंडीखाली, दगडाच्या आडोशाला, रोपाच्या बुंध्याशी भुसभुशीत मातीचा पसरट ढीग दिसतो. काडीने जरा उकरलं की शेकडो बाहेर येतात. ही जबड्याने कातडी धरते आणि शेपटीकडचा काटा टोचते, जागा थोडी बदलून पुन्हा टोचते. शिवाय पायावर मुकाट्याने चढतात आणि आपण पाय हलवला की एकदम टोचायला लागतात. तुमच्या मुलीच्या बाबतीत जे झालं ते या मुंगीचं काम वाटतं. सुजेवरून तर नक्कीच.

घरात साखरेच्या डब्याला लागणाऱ्या बारीक लाल मुंग्या ही तिसरीच गोष्ट. त्यांची चर्चा इथे करत नाही.

आता कायमच्या बंदोबस्ताचं. तो होत नाही, हे आत्ताच सांगितलेलं बरं. पावसाळ्याच्या तोंडाला, दमट हवेत, संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाल्या मुंग्यांचा जो थवा येतो, त्यात नव्या राण्या असतात. फलन झालेली प्रत्येक राणी जमिनीवर उतरते, पंख गाळते आणि बीळ करायला लागते. बहुतेक मरतात. ज्या जगतात त्या पुढच्या दसऱ्यापर्यंत तुम्हाला दिसतील एवढी वस्ती उभी करतात. तुमचा बगीचा आज पूर्ण स्वच्छ केला तरी शेजारच्या रिकाम्या प्लॉटवरून नव्या राण्या येणारच, आणि बेसा, मनीषनगर, हुडकेश्वर या बाजूला रिकामे प्लॉट काही कमी नाहीत. म्हणून मी लोकांना सांगतो की सगळा बगीचा मुंगीमुक्त करायच्या मागे लागू नका. जिथे मूल खेळतं, जिथे तुम्ही अनवाणी फिरता, जिथे कुत्रा बसतो, तेवढी जागा मोकळी ठेवायची. हे जमतं, आणि फारसं विष न वापरता जमतं.

हळद, खडू, पावडर यांनी का भागत नाही ते बघू. बाहेर दिसणाऱ्या मुंग्या हा वस्तीचा लहानसा हिस्सा असतो. बाकीच्या आत, पिल्लांजवळ आणि राणीजवळ. बाहेरच्या मारल्या तर आतल्या बाहेर येतात, राणी अंडी घालतच राहते. खडू किंवा फवारा मुंगीला नकोसा वाटतो, म्हणजे ती वाट बदलते. फार छळलं तर अख्खी वस्ती चार फूट सरकते, आणि आपल्याला वाटतं की गेल्या. आग मुंगीच्या काही वस्त्यांत राण्याही एकापेक्षा जास्त असतात, त्यामुळे एखादी मेली तरी घर चालू राहतं.

मिठाचं पाणी ओतू नका. आपल्याकडची काळी माती आधीच पाणी लवकर निचरू देत नाही, त्यात मीठ साठलं तर लॉन जाईल आणि मुंग्या राहतील. रॉकेलने माती बाद होते. रवा किंवा तांदळाची कणी खाऊन मुंगी फुगून मरते असं अनेकांनी तुम्हाला सांगितलं असेल, त्यात तथ्य नाही. पूर्ण वाढलेली मुंगी घन पदार्थ गिळतच नाही. ती कण घरी नेते, अळ्यांच्या पुढे ठेवते, अळ्या तो पचवून पातळ करतात आणि तो रस मग सगळ्या वस्तीत फिरतो. ही माहिती लक्षात ठेवा, पुढचा सगळा इलाज तिच्यावरच उभा आहे.

संत्र्याच्या सालींचंही लोक विचारतात, नागपुरात विचारणारच. सालीतलं तेल मुंगीला मारतं हे खरं, त्यातल्या लिमोनीन या द्रव्यावर बेतलेली औषधं परदेशात वापरतातही. पण ते तेल पाण्यात विरघळत नाही. घरी साली उकळून गाळलेल्या पाण्यात ते मारण्याइतकं उतरत नाही. वास छान येतो, एवढंच.

कृषी केंद्रातल्या पावडरीबद्दल जरा कडक बोलतो. 'मुंग्यांसाठी काहीतरी जालीम द्या' असं म्हटलं की कधीकधी पुडीत बांधून, लेबल नसलेले दाणे हातात ठेवले जातात. जुन्या लोकांना फोरेट, म्हणजे ज्याला सगळे थिमेट म्हणतात, ते ठाऊक आहे. त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे, आणि बंदी नसती तरी मूल आणि कुत्रा असलेल्या लॉनवर ते टाकण्यासारखं नव्हतंच. त्याआधीच्या पिढीची बीएचसी पावडर तर १९९७ सालीच बंद झाली. तुमच्याकडच्या पुडीवर नाव नसेल तर ती वापरू नका, मातीत पुरू नका, नालीत ओतू नका. घट्ट बंद करून मुलीच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा आणि कचरा नेणाऱ्या गाडीवाल्याला ती घरगुती घातक कचरा म्हणून वेगळी द्या.

मग करायचं काय? आधी जमिनीतली, कारण मुलीला त्रास तिचाच आहे.

आग मुंगीला मारायचं तर तिच्याच हातून विष घरात पोचवावं लागतं. त्यासाठी ते हळू काम करणारं हवं. नेणारी मुंगी वाटेतच मेली तर उपयोग शून्य. घरच्या घरी जमणारा पदार्थ म्हणजे बोरिक ॲसिड. केमिस्टकडे बोरिक पावडर म्हणून मिळते, लेबल वाचून घ्या. प्रमाण असं: १०० मिलिलिटर कोमट पाणी, १० ग्रॅम साखर, १ ग्रॅम बोरिक. म्हणजे अर्धा लिटर करायचं तर ५० ग्रॅम साखर आणि ५ ग्रॅम बोरिक, साधारण चहाचा एक सपाट चमचा. 'थोडं जास्त टाकलं तर लवकर मरतील' हा विचार सगळ्यांच्या मनात येतो आणि तिथेच काम बिघडतं. प्रमाण वाढलं की मुंगी तोंड लावत नाही, किंवा घरी पोचायच्या आत मरते. १ टक्का म्हणजे १ टक्काच.

आग मुंगीला गोडापेक्षा तेलकट आणि प्रथिनाचं जास्त आवडतं, पण हे वस्तीत त्या वेळी काय लागतंय यावरही ठरतं. अळ्या भरपूर असतील तर तेलकटाकडे धाव, नाही तर साखरपाणी चालतं. म्हणून आधी चाचणी घ्या. दोन झाकणं, एकात नुसतं साखरपाणी, दुसऱ्यात शेंगदाण्याचा बारीक कूट चार थेंब तेलात मळून. दोन्हींत विष नाही. जिथे गर्दी जास्त, तोच पदार्थ आमिष म्हणून वापरायचा. कुटाकडे गेल्या तर ५० ग्रॅम कुटाला १ ग्रॅम बोरिक इतपत प्रमाणात, अगदी बारीक वाटून सारखं मिसळून देतो. हे मिश्रण साखरपाण्याइतकं एकजीव होत नाही, त्यामुळे फळ कमी-जास्त मिळतं. ते नको असेल तर मुंग्यांसाठी म्हणून लेबल असलेलं तयार जेल मिळतं, त्याचे मुगाएवढे ठिपके द्या. झुरळाचं जेल मुंग्याही नेतात, पण ज्याच्या लेबलवर मुंगी लिहिलेली नाही ते बगीच्यात वापरायचा सल्ला मी देत नाही.

ठेवायचं कसं, हे प्रमाणाइतकंच महत्त्वाचं. कुत्रा, खारी, साळुंक्या आणि तुमची मुलगी, यांतलं कोणीही तिथे पोचता कामा नये. झाकणाचा लहान प्लास्टिकचा डबा घ्या, तापलेल्या सुईने बुडाशी बाजूने भोकं पाडा, मुंगी जाईल पण मधमाशी जाणार नाही एवढी. आत साखरपाण्यात भिजवलेला कापूस. झाकण घट्ट लावून वर वीट ठेवा. मधमाश्यांचं मुद्दाम सांगतोय, उघड्यावर बोरिकचं साखरपाणी ठेवलं तर जास्वंदीवर येणाऱ्या माश्या आधी त्यावर येतील. डबा वारुळाच्या तोंडावर न ठेवता हातभर अंतरावर, त्यांच्या रांगेच्या वाटेवर. आणि आमिष ठेवायच्या आधी वारूळ उकरू नका. घाबरलेली वस्ती खाणं गोळा करत नाही, पिल्लं घेऊन पळते.

वेळ. तुम्ही दसरा झाल्यावर विचारताय ते बरं झालं, आपल्याकडे पाऊस आवरल्यानंतरचे हे दिवस आमिषाला उत्तम. जमीन ओलसर, ऊन सौम्य, मुंग्या दिवसभर बाहेर. दुसरा चांगला काळ फेब्रुवारी-मार्च. ऐन पावसाळ्यात मोठी उघडीप असेल तरच. मे महिन्यात, पारा ४५ पर्यंत गेलेला असताना, या मुंग्या दुपारी वर येतच नाहीत, तेव्हा आमिष सूर्य मावळल्यावर ठेवायचं आणि सकाळी उचलायचं. आमिष ठेवलंय तेवढा भाग एक-दोन दिवस ओला करू नका, लॉनला पाणी द्यायचं असेल तर आधी द्या. साखरपाणी दोन-तीन दिवसांनी बदला, आंबलेलं त्या घेत नाहीत. पहिल्या दिवशी गर्दी खूप वाढेल. ती बघून लोक घाबरतात आणि फवारा मारतात, आणि केलेलं सगळं वाया जातं. गर्दी हवीच आहे. दोन ते चार आठवडे धीर धरा. रांग बारीक होत जाईल.

चार आठवडे थांबायची सोय नाही, मूल उद्याच लॉनवर जाणार, अशी घरं असतात. तिथे एक-दोन वारुळांपुरतं उकळतं पाणी हा उपाय आहे. एका वारुळाला १० ते १२ लिटर लागतं, तांब्याभर ओतून काही होत नाही. थंडीच्या दिवसांत सकाळचं ऊन वारुळावर पडल्यानंतर ओता, त्या वेळी राणी आणि पिल्लं उबेला वरच्या थरात आलेली असतात. तरीही निम्म्याच्या आसपास वारुळांत काम होतं, बाकी पुन्हा उठतात. तेवढ्या जागचं गवत करपेल. झाडाच्या बुंध्याजवळ मात्र हे करू नका. आणि १२ लिटर उकळतं पाणी दोघांनी मिळून नेण्याची गोष्ट आहे, मूल आणि कुत्रा घरात बंद करून.

लिंबाखालीही एक पथ्य पाळा. बोरिकचं उरलेलं पाणी लिंबाच्या आळ्यात ओतू नका. लिंबूवर्गीय झाडांना बोरॉन जास्त झालेलं सोसत नाही, पानांची टोकं पिवळी पडून करपतात. उरलेलं पुढच्या वेळेला बाटलीवर मोठ्या अक्षरांत 'विष' लिहून कुलपात ठेवा.

या मुंग्या तुमच्याकडे आल्या कुठून, हाही प्रश्न विचारायला हवा. नव्या ले-आउटमध्ये प्लॉटवर भरण घालतात, मग बगीच्यासाठी लाल माती मागवतात, वर लॉनचे गालिचे अंथरतात आणि नर्सरीतून कुंड्या येतात. या प्रत्येक गोष्टीबरोबर वस्ती येऊ शकते. नवी कुंडी आणली की ती पाण्याने भरलेल्या टबात काठापर्यंत पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवा. मुंग्या असतील तर वर तरंगताना दिसतील. तोवर टबात हात घालू नका, कारण बुडायची वेळ आली की या मुंग्या एकमेकींना धरून गोळा होऊन तरंगतात आणि जे पहिलं हाताला लागेल त्यावर चढतात.

आणि त्या टिकून का राहतात? ओल आणि खाणं. नागपूरच्या घरात ओलीची ठरलेली जागा म्हणजे कूलरखालची जमीन. चार महिने तिथे पाणी ठिबकतं, सगळीकडे माती तडकलेली असताना तेवढी जागा गार. उन्हाळ्यात वस्ती तिकडेच सरकते. तुम्ही सध्या कूलर धुऊन ठेवत असाल, तर त्याच वेळी खालची जमीन बघा, तिथे वारूळ असायची शक्यता बरीच आहे. एसीच्या पाइपचं पाणी पडतं तिथेही तेच. मोटरच्या पेटीत आणि स्विचच्या डब्यातही या मुंग्या शिरतात, मेन बंद केल्याशिवाय तिथे हात घालू नका. कुत्र्याचं खाणं बाहेर असेल तर भांडं पाण्याच्या ताटलीत ठेवा. ठिबकची नळी विनाकारण गळायला लागली तर तीही तपासा, आग मुंगी नळीला भोकं पाडते.

आता आंबा. इथे माझा सल्ला तुम्हाला कदाचित आवडणार नाही: शक्य असेल तर त्या विणकर मुंग्या राहू द्या.

दक्षिण चीनमधले शेतकरी सुमारे १७०० वर्षांपूर्वी या मुंग्यांची घरटी विकत घेऊन संत्र्याच्या जातीच्या झाडांवर बांधत, किडी खाव्यात म्हणून. इ.स. ३०४ च्या सुमाराची त्याची नोंद आहे, आणि किडीने किडीचा बंदोबस्त करण्याची जगातली ती सर्वांत जुनी नोंद मानतात. पुढे तिथे झाडाझाडांमध्ये बांबूच्या काठ्या बांधून मुंग्यांसाठी पूलसुद्धा करत. आपण संत्रानगरीतले लोक मात्र मुंगी दिसली की फवारा शोधतो. आंब्यावर ही मुंगी असेल तर तुडतुडे आणि फळमाशी कमी राहतात. आपल्या शेजारी बस्तरमध्ये तर याच मुंगीची चापडा चटणी होते, आणि ओडिशातल्या सिमिलीपालच्या काई चटणीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं.

दुसरी बाजूही आहे, ती लपवत नाही. ही मुंगी मिलीबग, खवले कीड, मावा यांना पाळते. गवळी गाईला राखतो तशी राखते. त्या किडी झाडाचा रस शोषतात आणि गोड चिकटा सोडतात, मुंगी तो पिते आणि बदल्यात त्यांना खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावते. चिकट्यावर काळी बुरशी चढली की आपले संत्रा बागायतदार ज्याला कोळशी म्हणतात तसा थर पानांवर दिसतो. तुमच्या लिंबावर किंवा जास्वंदीवर तो आहे का, पानांची मागची बाजू उलटून बघा. असेल तर मुंग्यांवर नंतर, आधी त्या किडीवर काम करा. पाइपच्या जोरदार पाण्याने मिलीबग धुऊन काढा, फार भरलेली टोकं छाटून पिशवीत बांधून टाका, मग लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि मिसळण्यापुरता पातळ साबण घालून संध्याकाळी फवारा, आठ-दहा दिवसांनी पुन्हा. तेल पाण्यात नीट फेटलं गेलं पाहिजे, नाही तर पानं भाजतात. चिकटा गेला की मुंग्यांची निम्मी वर्दळ आपोआप कमी होते. जमिनीतल्या मुंग्यांनाही हे लागू आहे, त्याही जास्वंदीवर चिकट्यासाठीच चढतात.

झाडावरच्या मुंग्या ठेवायच्या की काढायच्या, हे झाड कुठे आहे यावर ठरतं. आंबा बगीच्याच्या टोकाला असेल तर राहू द्या. फक्त भिंतीला, गच्चीला, कपड्यांच्या तारेला आणि दुसऱ्या झाडांना टेकणाऱ्या फांद्या कापा. तेवढ्याच कापा. आंब्याचा मोहोर थंडीत येतो, आता ऑक्टोबरात मोठी छाटणी केलीत तर मोहोरच हातचा जाईल. मोठं काम असेल ते आंबे उतरवल्यावर, पाऊस लागताना.

झाड झोपाळ्यावर किंवा दाराच्या वाटेवर असेल तर मात्र हात घालावा लागतो. सगळ्या गोळ्यांत राणी नसते. एकाच वस्तीचे डझनावारी गोळे, कधी दोन-चार झाडांवर मिळून, आणि राणी त्यातल्या एकात, बहुधा उंचावर. म्हणून एक-दोन गोळे पाडून काही होत नाही. वाटेवरचे गोळे पुन्हा पुन्हा काढत राहिलं तर ती बाजू त्या सोडतात, एवढी अपेक्षा ठेवा. अगदी पहाटे, मुंग्या घरट्यात असताना, माळ्याला पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायला सांगा, बाह्या हातमोज्यांत, पॅन्ट मोज्यांत खोचलेली. हातमोज्यांवर आणि शिडीच्या पायांवर चुलीची राख चोळा, कोरड्या भुकटीवर त्यांचे पाय धरत नाहीत. खालून मोठी पिशवी गोळ्यावर चढवायची, तोंड आवळायचं, मग फांदी कापायची, आणि पिशवी साबणाच्या पाण्याच्या बादलीत. गोळा काठीने पाडणारे माळी मी बघितलेत. त्या दिवसानंतर ते त्या झाडाकडे फिरकत नाहीत.

खोडावर ग्रीसची पट्टीही बांधता येते. ग्रीस थेट सालीवर लावायचं नाही, साल खराब होते. आधी कापसाची पट्टी, म्हणजे खोडाच्या भेगा बुजतील, त्यावर घट्ट प्लास्टिक, आणि प्लास्टिकवर ग्रीस. आठवड्यातून एकदा बघा, धूळ आणि मेलेल्या मुंग्या चिकटून त्यावर पूल होतो. एप्रिल-मेमध्ये आपल्या उन्हात ग्रीस वितळून ओघळतं, तेव्हा पट्टीचा भरवसा धरू नका. फांदी कुठेही टेकलेली असेल तर पट्टीचा काही उपयोग नाही, त्या वरून येतील.

मुलीच्या पायाबद्दल. पुन्हा चावल्या तर आधी हाताने झटकून काढा. नुसतं पाणी ओतून त्या सुटत नाहीत, कातडी धरून बसतात. मग साबणाने धुऊन कापडात गुंडाळलेला बर्फ लावा. पाण्याचे फोड आले तर फोडू नका, खाजवू देऊ नका, नखं कापून ठेवा. खाजेचं औषध बालरोगतज्ज्ञांना विचारूनच. पण चावलेल्या जागेपासून दूर अंगावर गांधी उठल्या, ओठ किंवा डोळे सुजले, श्वासाला घरघर लागली, उलटी झाली किंवा चक्कर आली, तर घरगुती उपायात एक मिनिटही घालवू नका, थेट दवाखाना किंवा १०८ ला फोन. काही जणांना या डंखाची ॲलर्जी असते आणि ती पुढच्या वेळी जास्त जोरात येऊ शकते. गेल्या वेळी सूज पायापुरतीच होती की वर मांडीपर्यंत गेली होती, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

एवढं सगळं एकदम करायला गेलात तर थकाल. या आठवड्यात फक्त ओळख पटवा, वारुळं कुठे आहेत त्या जागी काड्या खोचून ठेवा, आणि बिनविषाची चाचणी घ्या. पुढच्या आठवड्यापासून मुलीच्या खेळण्याच्या जागेभोवती आमिषाचे डबे ठेवा. तोवर तिला तिथे बूट घालून पाठवा, किंवा चटई गच्चीवर टाका. जास्वंदी आणि लिंबाची फवारणी त्याच काळात चालू द्या, पण फवारा आमिषाच्या डब्यांवर उडणार नाही हे बघा. आंब्याला दिवाळीनंतर हात लावलात तरी चालेल. शेजाऱ्यांशी एकदा बोला, भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकाच आठवड्यात आमिष ठेवलं तर फरक बराच जास्त काळ टिकतो.

महिनाभराने रांगा तशाच दिसल्या तर मला तीन गोष्टी सांगा: चाचणीत मुंग्या गोडाकडे गेल्या की कुटाकडे, आमिष किती वेळात संपत होतं, आणि वारुळं उन्हात आहेत की सावलीत. आणि कागदावर पकडलेल्या दोन-चार मुंग्यांचा जवळून काढलेला फोटो पाठवा, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून.